एकर तेच, आकार वेगळा : बातोशचा जुना नकाशा आणि आमची वाटणी



एरवी इथं मी हरभऱ्याची मर, उसातली हुमणी, पावसाच्या नोंदी असलं लिहितो. आज जरा लांबचं लिहितोय. कॅनडातल्या प्रेअरीवरच्या, म्हणजे तिथल्या गवताळ सपाट मुलखातल्या, एका छोट्या वस्तीच्या जुन्या नकाशाबद्दल. पण शेवटी विषय आपल्याच बांधावर येणार आहे, तेव्हा थोडा धीर धरून वाचा.

आधी घरचं सांगतो. आमची वडिलोपार्जित जमीन ८ एकर. खालच्या अंगाला ओढा, वरच्या अंगाला माळ. ओढ्याकडची काळी, हात-दीड हात खोल. मधली मध्यम. वरची मुरमाड, तिथं मटकी-हुलग्याशिवाय फार काही होत नाही. विहीर अर्थातच खाली. रुंदी ३९६ फूट, लांबी ८८० फूट. म्हणजे आपल्या जुन्या ३३ फुटी साखळीनं रुंदी बरोब्बर १२ साखळ्या.

वडील गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. मी आणि धाकटा भाऊ, दोघांनी बसून कागदावर मधोमध आडवी रेघ मारली. खालचे ४ एकर मला, वरचे ४ एकर त्याला. खालचं रान मीच वर्षानुवर्षं करत आलोय, असं माझं म्हणणं. धाकटा काही बोलला नाही. एकर सारखे होते ना, मग अन्याय कसला, असं मी स्वतःला समजावत होतो.

अशात गेल्या जुलैत लेकीकडं सॅस्काटूनला जाणं झालं. ती तिथं माती-परीक्षणाच्या कामात आहे. एका रविवारी म्हणाली, "बाबा, चला, तुम्हाला जमिनीवरून झालेल्या लढाईचं गाव दाखवते." तासाभराचा रस्ता. दोन्हीकडं पिवळंधमक कॅनोला, आपल्या मोहरीचाच भाऊबंद. रस्ता ओळंब्यात धरल्यासारखा सरळ, आणि ठरावीक अंतरावर तसाच सरळ फाटा. सगळा मुलूख बुद्धिबळाच्या पटासारखा. नदीजवळ आलो आणि शेतांचा आकारच बदलला. चौकोन संपले, लांबट पट्टे सुरू झाले. ते गाव बातोश.

आता तिथं वस्ती म्हणावी अशी राहिलेली नाही. लाकडी चर्च आहे, शेजारी पाद्रीबाबांचं घर आहे, त्याच्या भिंतीत गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात. खाली साउथ सस्कॅचेवान नदी. कॅनडा सरकारनं १९२३ साली ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवली. लेकीनं या भागाच्या जुन्या टाउनशिप नकाशाची प्रत काढून आणली होती. तिथल्याच एका बाकावर तो उलगडून बसलो. तासभर उठलो नाही.

तो नकाशा कळायला आधी तिथली मोजणी कळली पाहिजे.

हा सगळा मुलूख आधी हडसन्स बे कंपनी नावाच्या फरच्या व्यापारी कंपनीच्या नावावर होता. कॅनडानं तो १८६९-७० मध्ये ३ लाख पौंडांना घेतला. १८७१ पासून पद्धतशीर मोजणी सुरू झाली. आडवा-उभा ६ मैलांचा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. त्यात १ मैल बाय १ मैलाचे ३६ सेक्शन. एक सेक्शन ६४० एकरांचा. त्याचे चार भाग केले की १६० एकरांचा एक क्वार्टर. १८७२ च्या जमीन कायद्यानं हा क्वार्टर १० डॉलर फी भरून मिळायचा. अट अशी की तीन वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, ठरावीक रान वहितीखाली आणायचं. मग जमीन नावावर.

सेक्शनना नंबर कसे दिलेत बघा. आग्नेय कोपऱ्यातून १ सुरू होतो, पश्चिमेकडं ६ पर्यंत जातो. मग वरच्या ओळीत उलटा फिरून ७ पासून पूर्वेकडं. बैल तास संपल्यावर वळतो, अगदी तसं. ३६ नंबर ईशान्येच्या कोपऱ्यात. सेक्शन ११ आणि २९ शाळांसाठी राखून ठेवलेले, म्हणजे ते विकून शाळांना पैसा. ८ आणि बहुतेक २६ हडसन्स बे कंपनीचे. विषम नंबरचे बरेचसे रेल्वे कंपन्यांना. एकही घर उभं राहायच्या आधी कागदावर शाळेची, रेल्वेची, कंपनीची वाटणी झालेली होती.

कोपऱ्याकोपऱ्यावर खुंट ठोकायचे, भोवती खड्डे खणून मातीचा ढीग करायचा. आपल्या हद्दीच्या दगडासारखंच. पण पृथ्वी गोल. उत्तरेकडं जाताना रेखांशाच्या रेघा जवळ येतात, चौकोन नीट बसत नाहीत. म्हणून दर २४ मैलांवर एक दुरुस्तीची रेघ धरली. तिथं उत्तर-दक्षिण रस्ता अचानक बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ लागतो. जाताना आमच्या गाडीला असं एक वळण लागलं. मी लेकीला विचारलं, इथं कुणाचा बांध आडवा आला का? ती हसून म्हणाली, "नाही बाबा, इथं पृथ्वी आडवी आली."

ही सगळी मोजणी झाली गुंटर चेननं. इंग्रज गणिती एडमंड गुंटर याची १६२० च्या सुमाराची ही साखळी, ६६ फुटांची. ८० चेन म्हणजे मैल, १० चौरस चेन म्हणजे एकर. आपल्याकडची ३३ फुटी साखळी म्हणजे तिचीच अर्धी. तिचे १६ आणे, आणि ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे आपला गुंठा. १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात मोजणीची घडी बसवली. त्यांच्याही एकराचं माप तेच आणि प्रेअरीवरच्या एकराचंही तेच. फरक कुठं पडला? आपल्याकडं मोजणीदारापुढं गावं, शेतं, बांध आधीच उभे होते. सर्व्हे नंबर पाडताना त्यांनी काही जोडलं, काही तोडलं, पण बहुतेक करून आहे त्या वहिवाटीवरच साखळी टाकली. म्हणून आपला गावनकाशा वेडावाकडा दिसतो. प्रेअरीवर मात्र रान मोकळं आहे असं धरून आधी चौकोन आखले, माणसं नंतर बोलावली.

पण रान मोकळं नव्हतं. क्री आणि इतर मूळ रहिवासी तिथं पिढ्यान्‌पिढ्या होते. १८७६ मध्ये त्यांच्यातल्या अनेक टोळ्यांशी सरकारनं सहावा करार केला. बातोशला लागूनच वन ॲरो नावाच्या क्री समाजाची राखीव जमीन आहे. आणि नदीकाठी होते मेटी. मेटी म्हणजे फ्रेंच किंवा स्कॉटिश व्यापारी बाप आणि क्री-ओजिब्वे आया यांच्यापासून घडलेला स्वतंत्र समाज. रानगव्यांची शिकार, बैलगाड्यांची मालवाहतूक आणि थोडी शेती, असा त्यांचा संसार.

मेटींची जमीन मोजायची रीत वेगळी होती. फ्रेंच वसाहतीत सेंट लॉरेन्स नदीकाठी चालत आलेली, तिथून विनिपेगजवळच्या रेड रिव्हरला आणि पुढं इथं आलेली. नदीला तोंड करून लांबट पट्टे. रुंदी साधारण १० चेन, खोली २ मैल.

आता पेन घ्या आणि गणित करा. १० चेन रुंद, १६० चेन लांब. गुणाकार १६०० चौरस चेन, म्हणजे १६० एकर. सरकारी क्वार्टर ४० चेन बाय ४० चेन. गुणाकार तोच १६००. तेही १६० एकरच!

एकर तेच. आकार वेगळा. आणि सगळा फरक त्या आकारात आहे.

नदीकाठचं १ मैल रुंद आणि २ मैल खोल रान घ्या. पट्टे पाडले तर त्यात ८ कुटुंबं बसतात, आठही जणांच्या दारात नदी. चौकोन पाडले तरी ८ क्वार्टरच होतात, पण नदीला लागतात फक्त दोन. बाकी सहा जणांनी पाण्याला जायचं दुसऱ्याच्या रानातून. एकर मोजणाऱ्याला दोन्ही सारखेच. तिथं राहणाऱ्याला नाही.

आपल्यासारखं तिथं नदीचं पाणी पिकाला देत नव्हते. पण प्यायला पाणी, जनावरांना पाणी, मासळी, होडीनं ये-जा, सगळं नदीवर. नदीकाठच्या झाडीतून जळण आणि घराला लाकूड, जिथं हिवाळ्यात पारा उणे ३० च्या खाली जातो. झाडीच्या वर घर आणि बटाटा-भाजीचा वाफा, त्याच्या मागं गहू-बार्लीचं शेत, अगदी मागं गवताचं कुरण. आपल्यातल्या कृषी सहायकांना हे लगेच कळेल. नदीकाठापासून वरपर्यंत माती, ओलावा, गवत बदलत जातं, आणि पट्टा या प्रत्येक थराचा एकेक तुकडा प्रत्येकाला देतो. शिवाय शेजारी हाकेच्या अंतरावर, फार तर ६६० फुटांवर. चर्च जवळ, शाळा जवळ, रात्री-अपरात्री कुणी आजारी पडलं तर धावणारं माणूस जवळ. चौकोनात शेजारी अर्ध्या मैलावर.

यावरून पहिली ठिणगी रेड रिव्हरला पडली होती. मुलूख कॅनडाच्या ताब्यात रीतसर यायच्याही आधी मोजणीदार तिथं पोचले. ११ ऑक्टोबर १८६९ रोजी आंद्रे नॉल्ट यांच्या रानात साखळी पडली तेव्हा लुई रिएल आणि त्याचे सोबती आडवे आले. हातात हत्यार नव्हतं. साखळीवर पाय ठेवला आणि मोजणी थांबवली. त्या झगड्यातून १८७० साली मॅनिटोबा प्रांत झाला, मेटींच्या मुलांसाठी १४ लाख एकर राखून ठेवायचं वचन मिळालं. पण वाटप रेंगाळलं, बाहेरून माणसं येत राहिली, आणि कितीतरी मेटी कुटुंबं गाड्या जुंपून पश्चिमेला निघाली. त्यांतली बरीच १८७० च्या दशकात साउथ सस्कॅचेवानच्या काठी उतरली. झाव्हिए लतांद्र, ज्याला सगळे बातोश म्हणत, त्यानं तिथं नदी उतरायला तर चालू केली, दुकान टाकलं. गावाला नाव त्याचंच पडलं.

इथंही लोकांनी सवयीप्रमाणं पट्टे धरले, घरं बांधली. मोजणी मागाहून आली. आसपासच्या काही भागात सरकारनं नदीचे पट्टे मोजून दिलेही. पण बाकीच्या भागात चौकोनच पडले आणि राहत्या घरांवरून, कुंपणांवरून रेघा गेल्या. कुणाचं घर एका क्वार्टरात, शेत दुसऱ्यात. १८८२ मध्ये गॅब्रिएल ड्युमाँ आणि गावकऱ्यांनी ओटावाला अर्ज केला की आमची जमीन नदीच्या पट्ट्यांनी मोजून द्या. फेरमोजणीला नकार मिळाला. सेक्शनचे ४०-४० एकरांचे १६ भाग असतात, त्यांतले चार ओळीत जोडून पट्ट्यासारखं करून घ्या, अशी सोय कागदावर होती. पण तो पट्टा २० चेन रुंद आणि १ मैल लांब होतो, म्हणजे दुप्पट रुंद आणि निम्मा लांब. शेजाऱ्याचं अर्धं घर त्यात यायचं. अर्ज होत राहिले, चौकशी झाली, कागद फिरत राहिले.

सगळी लढाई एका नकाशावरून झाली असं म्हणणं मात्र चूक ठरेल. रानगवे संपले होते. मालवाहतुकीचा धंदा आगबोटी आणि रेल्वेनं खाल्ला होता. जमिनीचे पक्के कागद वर्षानुवर्षं मिळत नव्हते. क्री लोक उपासमारीत होते. पण जो माणूस एकदा गाव सोडून आला, त्याच्याच अंगणात दुसऱ्यांदा साखळी येते म्हटल्यावर त्याच्या मनात काय येत असेल, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

१८८४ च्या उन्हाळ्यात ड्युमाँ आणि तिघं घोड्यावरून अमेरिकेत मोंटानाला गेले आणि रिएलला घेऊन आले. डिसेंबरात पुन्हा अर्ज गेला. मार्च १८८५ मध्ये त्यांनी स्वतःचं हंगामी सरकार जाहीर केलं. २६ मार्चला डक लेकला गोळीबार झाला, २४ एप्रिलला फिश क्रीकला, आणि ९ ते १२ मे, चार दिवस बातोशला. सरकारी फौज आठशेच्या वर, सोबत तोफा आणि एक गॅटलिंग गन. मेटी आणि त्यांचे साथीदार तीनशेच्या आत, नदीकाठच्या उतारावर खड्डे खणून बसलेले. शेवटी दारूगोळा संपला तेव्हा बंदुकीत खिळे आणि गोटे घातले. चौथ्या दिवशी गाव पडलं. रिएल स्वतःहून हजर झाला. १६ नोव्हेंबर १८८५ रोजी रिजायना इथं त्याला फाशी दिली.

ते खड्डे अजून दिसतात. मी एकाच्या कडेला उभा राहिलो. समोर नदी, मागं चढ. आमच्या ओढ्याकडून माळाकडं बघावं तसंच.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर एकतर्फी होईल. प्रेअरीच्या आतल्या भागात, जिथं नदी नाही, तिथं चौकोन उत्तम चालले. यंत्राला सरळ तास मिळाला, हद्दीचे तंटे कमी झाले, कुठलाही क्वार्टर चार आकड्यांत सांगता येतो. त्या मोजणीदारांच्या वह्याही सोन्याच्या मोलाच्या. साखळी टाकत जाताना माती कशी, गवत कसं, झाडी कुठं, पाणथळ खड्डे कुठं, जुन्या गाडीवाटा कुठून जातात, हे ते टिपून ठेवत. नांगर लागायच्या आधीचं रान कसं होतं याची ती नोंद आहे. लेक म्हणते, नकाशावर जिथं पाणथळ दाखवलंय, तिथं आता शेत दिसत असलं तरी नमुना घेताना ती जागा वेगळी धरावी. चोपणाचं आणि निचऱ्याचं कोडं बऱ्याचदा तिथंच सुटतं. आपल्याकडं भुजवलेल्या ओढ्याच्या जागी ऊस पिवळा पडतो, तोच प्रकार.

आणि पट्ट्यालाही दोष आहेच. वाटण्या होत गेल्या की तो चिंचोळा होतो. हे मला पुढं घरच्याच हिशेबात कळलं.

परत आल्यावर त्या नकाशाची प्रत भावापुढं ठेवली. ८ कुटुंबांचं गणित मांडून दाखवलं. मग आमची आडवी रेघ दाखवली. म्हटलं, "बघ, मी तुला एकर दिले, पाणी दिलंच नाही." तो जरा वेळानं म्हणाला, "दादा, मला त्या दिवशीच कळलं होतं. पण तुला कसं सांगायचं?"

दाराशी अक्का उभी होती, माहेरपणाला आलेली. ती म्हणाली, "तुम्ही दोघं पुन्हा वाटायला बसलात. मला कुणी इचारलं का?"

खरं सांगतो, माझी मान खाली गेली. २००५ च्या दुरुस्तीनं लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण आमच्या कागदावर तिची रेघच नव्हती. सहीच्या दिवशी बोलावून हक्कसोडपत्र करून घ्यायचं, एवढंच आम्ही गृहीत धरलेलं. बातोशच्या मोजणीला नावं ठेवत आलो होतो आणि घरात मीच तसा मोजणीदार झालो होतो.

दुसऱ्या दिवशी तिघं रानात गेलो. ओढ्यापासून माळापर्यंत पायी. अक्कानं आईची मिरचीची सरी कुठं असायची ते दाखवलं. धाकट्यानं विहिरीचा झरा कुठल्या अंगानं येतो ते दाखवलं. मग ठरलं. उभी वाटणी. १२ साखळ्यांचे तीन वाटे, प्रत्येकाला ४ साखळ्या, म्हणजे १३२ फूट रुंदी. प्रत्येकाला काळी, प्रत्येकाला माळ, प्रत्येकाला ओढा. विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या वाराप्रमाणं लिहून. माळाच्या कडेनं तिघांची मिळून पाणंद सोडायची. अक्काचा वाटा सध्या धाकटा वाट्यानं करणार, पण सातबारावर नाव तिचं लागणार.

दुखणं संपलंय असं नाही. आमच्या प्रत्येकाला दोन मुलं धरली तर पुढच्या पिढीला ६६ फूट रुंदी येते. एक गुंटर चेन. प्रेअरीवर पुढच्या काळातल्या मोजणीत नुसत्या रस्त्याला एवढी जागा सोडत. आपल्याकडं १९४७ चा तुकडेबंदी कायदा याच भीतीनं आला होता. म्हणून आम्ही आत्ताच लिहून ठेवलंय की मालकी वेगळी असली तरी नांगरट, पेरणी, ठिबकची मेन लाइन एकत्रच राहील. पोरं पाळतील का, ते पोरांच्या हातात. निदान रेघ मारताना आम्ही तिघं एका रानात उभे होतो, एवढं त्यांना सांगता येईल.

तुमच्या घरात वाटणी निघाली असेल तर एक करा. कागदावर रेघ मारायच्या आधी भूमी अभिलेख कार्यालयातून जुनं टिपण, गटबुक, गावनकाशा काढा. मग ज्यांचा ज्यांचा हक्क आहे त्या सगळ्यांना, बहिणींनाही, घेऊन खालपासून वरपर्यंत एकदा चाला. मातीचे नमुने थराथरानं वेगळे घ्या. एकर नंतर मोजा.

तुमच्याकडं उभी वाटणी झाली की आडवी, आणि पाण्याचं कसं बसवलंत, ते जरूर कळवा. आमच्या पाळ्यांचा कागद अजून पक्का व्हायचाय, तुमच्या अनुभवाचा उपयोग होईल.

रामराम.